तुळईचा पंखा

आमच्या माळवदाच्या घरात मधल्या सोप्याच्या तुळईला दोन कड्या होत्या. एक पाळण्याची. ती आजीच्याही आधीची, आतल्या अंगानं झिजून चकचकीत झालेली. दुसरी पंख्याची. ती मी बसवली, 1988 सालच्या मे महिन्यात. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि लातूरला आयटीआयमध्ये वायरमनच्या पहिल्या वर्षाला होतो.

पंखा आला तो उन्हाळ्यामुळं नव्हे. उन्हाळा काय, दरसाल यायचा. माळवदाचं घर तसं थंड. दीड-दोन हात जाडीच्या भिंती, वर किलचणीवर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर ऊन कानशिलं भाजत असलं तरी उंबरा ओलांडून आत आलं की अंगावर गारवा यायचा. रात्री माळवदावर वाकळ टाकली की झालं. पंख्यावाचून आमच्या गावात कुणाचं काही अडलं नव्हतं. अडलं ते विहीणबाईंच्या एका वाक्यानं.

आक्का पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिचं सासर तालुक्याच्या गावी, घर स्लॅबचं. पाचवीला विहीणबाई नातवाला बघायला आल्या. बसल्या, पदरानं वारा घेतला, वर तुळईकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्यात तर बाई पंख्याबिगर डोळा लागत न्हाई कुणाचा. तुमच्यात पंखा बी न्हाई वाटतं?"

माय काही बोलली नाही. चहाची कपबशी त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि आत गेली. आजी मात्र मागं पुटपुटली, "बाळंतिणीला वारं लागतंय, यांना पंखा पायजे." आजीचं खरं की विहीणबाईंचं, यावर आक्काला कुणी विचारलं नाही. ती आतल्या खोलीत शेगडीच्या धगीत घामानं निथळत होती.

रात्री माय भांडी घासता घासता हळूच म्हणाली, "पंखा बसवता येतो का रं तुला?"

"येतो की," मी म्हणालो.

खरं म्हणजे मी तोवर एकही पंखा बसवला नव्हता. वर्षभरात आम्ही तारांचे जोड शिकलो होतो, एका बटनावर एक दिवा, दोन बटनांवर जिन्याचा एक दिवा, एवढं झालं होतं. पंख्याचा धडा दुसऱ्या सहामाहीत फळ्यावर काढून झाला होता. पण मायनं आजवर मला 'येतं का' असं विचारलेलं हे पहिलं काम. औताचं, पाभरीचं, गुरांचं सगळं अण्णांना यायचं. मला काय येतं हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नव्हता.

अण्णांचा तर माझ्या शिक्षणालाच विरोध होता. त्यांच्या बाजूनं बघितलं तर तो काही वेडेपणा नव्हता. आमच्या शेजारच्या शिवारात एक गडी पहाटे ओल्या हातानं मोटारीचा स्टार्टर दाबायला गेला आणि तिथंच चिकटला. त्याला सोडवायला गेलेल्यांत अण्णा होते. तेव्हापासून ते घरातलं बटनसुद्धा काडीनं दाबायचे. "औत सोडून तारा धरायला कशाला जातंय हे," असं माझ्यादेखत, पण दुसऱ्याला सांगितल्यासारखं म्हणायचे.

बारसं सात दिवसांवर आलं होतं. मायनं बाजारात दोन करडं विकली. शेळी तिची होती, त्यामुळं करडांचा पैसाही तिचाच. मी तालुक्याला गेलो. नव्या पंख्याला पैसे पुरणार नव्हते, म्हणून मोटारी भरणाऱ्या एका दुकानातून जुना, वाइंडिंग नवं केलेला पंखा 280 रुपयांना घेतला. दुकानदार म्हणाला, "आत्ताच भरलाय. पाच वर्षं बघायचं काम न्हाई." पंख्याचा रंग दुधावरच्या सायीसारखा होता, नावाची पट्टी पुसून गेली होती. पाती पोत्यात गुंडाळली आणि पंख्याचं पोट मांडीवर घेऊन एस.टी.त बसलो. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं. मी म्हणालो, "मांडीवर हाय की." तो म्हणाला, "लेकरू हाय व्हय?"

पंखा टांगायचा कशाला हा पहिला प्रश्न. चुलत्यांनी सुचवलं, पाळण्याची कडी आहे की आयती. माय म्हणाली, "ती पाळण्याची हाय." विषय संपला. मला ते बरंच वाटलं, कारण पाळणा मागं-पुढं झुलतो आणि पंखा गरगर फिरतो, दोघांचा ताण वेगळा. तुळई सागाची, जुनी, लोखंडासारखी टणक. सुताराकडून गिरमिट आणलं. तुळईला आरपार भोक पाडायला मला अर्धा दिवस लागला. लोहारानं वरून चाकी आणि नट बसेल असा आटेवाला हूक करून दिला. हुकात रबराची रीळ, रिळातून बोल्ट, बोल्टाला पिन. ती पिन दोन्ही पाय फाकवून वळवायची असते. सरांनी सांगितलं होतं, पंखा पडतो तो हुकानं नाही, विसरलेल्या पिनेनं पडतो.

दुसरी अडचण उंचीची. माळवद ते केवढं! पंख्याची दांडी होती तशी लावली असती तर पाती माणसाच्या कपाळावर आली असती. दांडी आरीनं कापून निम्मी केली, नवं भोक पाडलं. तरीही पंखा खालीच राहिला. पुढं आमच्याकडं येणारा प्रत्येक फेटेवाला माणूस सोप्यात शिरताना वाकायचा. अण्णांचे एक मित्र म्हणायचे, "तुमच्या घरात देवापेक्षा पंख्याला जास्त नमस्कार घडतात."

वायरिंग केलं ते बारशाच्या आदल्या दिवशी. मेन स्विचपासून घरात दोन दिव्यांची जुनी लाइन होती, कुणीतरी पूर्वी ओढलेली. एक तार लाल, एक काळी. तिथूनच पंख्यासाठी फाटा काढायचा होता. मी तुळईच्या कडेनं बॅटन पट्टी ठोकली, तिच्यावर पत्र्याच्या क्लिपा मारून तारा बसवल्या. पट्टी अशी सरळ आली होती की सुतार बघून मान हलवून गेला. भिंतीवर लाकडी बोर्ड, त्यावर काळं बटन आणि शेजारी डबड्यासारखा रेग्युलेटर. काम चालू असताना लाइट गेलेली होती. ती तशी रोजच जायची. तरी मी मेन बंद करूनच हात घातला. लाल तार म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हे पुस्तकात होतं. लाल तार बटनातून नेली, काळी सरळ पंख्याला दिली. खिशाला पेनासारखा टेस्टर अडकवलेला होता. तो मी सगळ्या गावाला दाखवला, पण तारेला लावला नाही. लाइटच नव्हती तर लावणार कशाला, असं तेव्हा वाटलं.

रात्री आठ-साडेआठला गल्लीतल्या पोरांनी "आलीऽऽ" म्हणून एकच ओरडा केला. मी मेन टाकली, बटन दाबलं. पंखा आधी नुसता गुरगुरला, मग सावकाश फिरायला लागला, मग पाती दिसेनाशी झाली. सोप्यात तीस-चाळीस माणसं उभी होती. सगळ्यांनी माना वर केल्या आणि पुढच्याच क्षणी खाली घातल्या. वरून मातीचा पाऊस पडायला लागला. किलचणीच्या फटीत पन्नास वर्षं साठलेली धूळ, कोळिष्टकं, चिमण्यांच्या काड्या, सगळं खाली. कुणाच्या फेट्यात, कुणाच्या डोळ्यात. खाली वाऱ्याची झुळूक नाही आणि वर वावटळ!

पंखा उलटा फिरत होता. कपॅसिटर ज्या वाइंडिंगला जोडायचा ते सोडून मी दुसऱ्याला जोडला होता, त्यामुळं हवा खाली यायच्या ऐवजी वर चालली होती. पोरं हसून लोळायला लागली. अण्णा डोळे चोळत बाहेर निघून गेले. मी पुन्हा मेन बंद केली, तिपाईवर चढलो आणि कंदिलाच्या उजेडात जोड बदलला. दुसऱ्या खेपेला वारा खाली आला. विजेला दाब नव्हता, दिवे तांबडे जळत होते, त्यामुळं पंखाही दमलेल्या बैलासारखा फिरत होता. पण वारा होता.

बारशाला विहीणबाई बरोबर त्याच्याखाली बसल्या. म्हणाल्या, "हवा चांगली हाय." माय पानसुपारीचं तबक घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नुसतं तबक या हातातून त्या हातात घेतलं. तिला फार आनंद झाला की ती असंच करायची.

आता त्या लाल तारेबद्दल सांगायला हवं.

शेताला पाणी देणाऱ्याला हे लगेच कळेल. पाटाच्या तोंडाशी बांध घातला तर पुढं पाट कोरडा पडतो, त्यात उतरून खुशाल काम करावं. पण तोंड उघडं ठेवून शेवटच्या वाफ्याशी बांध घातला तर पाणी वाहायचं थांबतं, पाट मात्र तुडुंब भरून उभा राहतो. विजेचं असंच आहे. बटन फेजच्या तारेवर असलं तर ते बंद केल्यावर पंख्यात वीज उरत नाही. बटन न्यूट्रलवर असलं तरी पंखा थांबतो, दिवा विझतो, बघणाऱ्याला सगळं तसंच दिसतं. फक्त आत वीज भरून उभी असते. आमच्या घरातल्या दोन दिव्यांची लाइन ज्यानं ओढली, त्यानं हाती आली ती तार वापरली होती. आमची लाल तार न्यूट्रल होती. सरांनी वर्षभरात पन्नास वेळा सांगितलेलं वाक्य एकच होतं, बटन फेजवर. आणि माझ्या आयुष्यातलं पहिलं बटन मी न्यूट्रलवर बसवलं होतं. पंख्याला अर्थिंग नव्हतंच. घरातच नव्हतं.

उन्हाळा गेला. पावसाळ्यात माळवद दोन-तीन ठिकाणी गळलं. त्या वर्षी खंडेनवमीला मी घरी आलो तेव्हा मायचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. हाडवैद्यानं मनगटाला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. घटस्थापनेच्या आधी दसरा काढताना ती पडली म्हणे. उतरंडीतलं मडकं काढताना चक्कर आली, उखळाच्या कडेवर हात आपटला. अण्णांनी सांगितलं, शेजारणीनं सांगितलं, मायनंही तेच सांगितलं.

खंडेनवमीला आमच्याकडं अवजारांची पूजा असते. फाळ, विळे, खुरपी, कुऱ्हाड भिंतीशी मांडतात. त्या वर्षी मायनं डाव्या हातानं माझी पिशवी उघडली, पक्कड आणि टेस्टर काढला आणि फाळाच्या शेजारी ठेवला. हळद-कुंकू वाहिलं. अण्णा बघत होते, पण काही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी मी सोप्यात पडलो होतो. पंखा बंद होता. बघितलं तर पात्यांवर धूळ बसलेली. उठून फडकं शोधायला लागलो, तर धाकटी धावत आली. "भाऊ, पंख्याला हात लावू नगंस. मायनं सांगितलंय. पंख्यात लक्ष्मी असती, पुसली की जाती."

"हे कुठलं शास्त्र?"

"माय म्हणली."

सगळं घर झाडून, सारवून, पोतेरं घेऊन लख्ख केलेलं आणि एकट्या पंख्यात लक्ष्मी? मी वर नीट बघितलं. एक पातं पुसलेलं होतं. दुसऱ्यावर ओल्या फडक्याचा वीतभर पट्टा ओढलेला आणि तसाच वाळलेला. तिसरं काळंकुट्ट.

मी पूजेतून टेस्टर उचलला. तिपाईवर चढलो. बटन बंद आहे हे दोनदा बघितलं. टेस्टरचं टोक पंख्याच्या पोटाला टेकवलं, मागच्या टोपीवर बोट ठेवलं. टोपीवर कुंकू होतं. आतला दिवा लालभडक लागला.

किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे. खाली आलो तेव्हा माय चौकटीत उभी होती.

"कळलं व्हय," ती म्हणाली.

"सांगितलं का न्हाईस?"

तिनं सोप्याच्या बाहेर नजर टाकली. अण्णा गोठ्यात होते. मग ती हळू आवाजात बोलली. पत्र्याच्या पेटीवर उभी होती. खाली भुई नुकती सारवलेली, ओली. एक पातं कोरड्या फडक्यानं पुसलं. निघेना म्हणून फडकं भिजवलं. पुढचं तिला आठवत नव्हतं. फेकल्यासारखं झालं एवढंच. उतरंडीचं मडकं तिनं नंतर स्वतः खाली आणून फोडलं होतं, एका हातानं, कुणी यायच्या आत.

"तुझ्या अण्णाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुला लातूरहून आणला असता. एक वरीस ऱ्हायलंय तुझं. आन् गावात कळलं असतं तर कुणी बटन तरी बसवू दिलं असतं का तुला?"

"आन् धाकटीनं हात लावला असता तर?"

"म्हणून तर लक्ष्मी बसवली की तिथं."

मला रागही आला. करंट असलेला पंखा लेकरांच्या डोक्यावर तसाच ठेवून ती नऊ-दहा दिवस लक्ष्मीची गोष्ट सांगत बसली होती. हे बरोबर नव्हतं, आजही मला ते बरोबर वाटत नाही. पण हे तिला सांगायला माझ्याजवळ तोंड कुठं होतं?

त्याच रात्री मेन बंद करून मी बोर्ड उघडला आणि तारा बदलून बटन फेजवर घेतलं. मग मेन टाकून, बटन बंद ठेवून टेस्टर लावला. दिवा लागला नाही. पंख्याचं पोट मात्र काढून लातूरला नेलं. सरांना काय झालं ते खरं सांगितलं. त्यांनी मेगर लावला, काटा शून्याजवळच पडून राहिला. वाइंडिंगखाली कागद धड घातलेला नव्हता, वार्निश कच्चं होतं, त्यात पावसाळ्याची ओल. सर एवढंच म्हणाले, "खोल सगळं." मी ते वाइंडिंग काढलं, त्यांच्या देखरेखीखाली पुन्हा भरलं, वार्निश दिलं, दोनशेच्या दिव्याखाली दोन दिवस वाळवलं. परत मेगर लावेपर्यंत सर माझ्याशी दुसऱ्या विषयावर बोलले नाहीत.

दिवाळीत घरी जाऊन मोरीच्या मागं खड्डा खणला. खाली लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, थरावर थर. तिथून जाड तार आणून मेनला आणि पंख्याला जोडली. मायला म्हणालो, "इथं ओल राहिली पाहिजे, तरच ही तार कामाची. उन्हाळ्यात पाणी घालत जा." पुढं कितीतरी वर्षं ती तुळशीला पाणी घालून झालं की उरलेला तांब्या त्या पाइपाशी ओतायची.

मनगट वाकडंच जुळलं. त्यानंतर मायच्या भाकरीची एक कड जाड राहायला लागली. तिचा उजवा तळवा थापताना पूर्वीसारखा फिरायचा नाही. अण्णा एकदा जेवताना म्हणाले, "ही भाकर एका अंगाला कच्ची का राहायलीय आजकाल?" माय म्हणाली, "ज्वारीच तशी आलीय औंदा." मी समोर ताटावर बसलो होतो. सांगायची ती वेळ होती. मी कालवणात भाकरी कुस्करत राहिलो. पुढं मला वायरमनची नोकरी लागली, अण्णा गावात चारचौघांत माझं कौतुकही करायला लागले, आणि मग तर सांगणं आणखीच अवघड होत गेलं. ते गेले, तोवर मी सांगितलं नाही.

माळवद आता नाही. पाडलं तेव्हा दोन्ही कड्या तुळईसकट निघाल्या. तुळई विकली. पंखा त्याआधीच मोडीत गेला होता, आतल्या तांब्याचे तेवढे बरे पैसे आले. त्या जागी स्लॅबच्या दोन खोल्या झाल्या. गेल्या उन्हाळ्यात आक्काचा थोरला, ज्याच्या बारशासाठी हे सगळं झालं तो, मायसाठी नवा पंखा घेऊन आला. 28 वॅटचा, रिमोटवर चालणारा. मी बसवतो म्हणालो तर म्हणाला, "मामा, तुम्ही बसा, मला येतं." स्टुलावर चढून त्यानं भराभर जोडणी केली. घरात आता गळती झाली की आपोआप लाइन तोडणारं यंत्र आहे, भिंतीतून तीन तारा येतात, हिरवी अर्थिंगची. काम व्यवस्थित होतं. माय खाटेवर बसून मान वर करून सगळं बघत होती. तिला आता कमी दिसतं.

"टेस्टर लावलास का?" तिनं विचारलं.

"लावला की आजी."

"बटन बंद करून लाव."

तो हसला आणि माझ्याकडं बघितलं, आजीला हे कुणी शिकवलं म्हणून. मी वायरचे तुकडे गोळा करत होतो. त्यानं खिशातून टेस्टर काढला, बटन बंद केलं आणि पुन्हा वर चढला.